निवासी उन्हाळी अभ्यास शिबिर आपल्या मुलाला मानवेल का, हे ठरवताना

फेब्रुवारी संपत आला की सोलापुरात सात रस्ता, आसरा चौक, विजापूर रोड इथे उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्या-पाचगणीची पत्रके फिरू लागतात. गणित-विज्ञान निवासी शिबिर, १० दिवस, मर्यादित जागा. पत्रक हातात पडले की आपण विचारतो, शिबिर चांगले आहे का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचा नंबर दुसरा. आधी हे पाहायचे की आपले हे मूल या मे महिन्यात दहा रात्री घराबाहेर राहून रोज पाच तास शिकू शकेल का, आणि मुळात त्याला तसे शिकायचे आहे का. एकच शिबिर थोरल्याला मानवते आणि धाकटीला सोसत नाही, हे घरोघर दिसते. म्हणून खालच्या पायऱ्यांत आधी मूल, मग शिबिर आणि शेवटी पैसे असा क्रम ठेवला आहे. पाचवी ते दहावीतल्या मुलाला पहिल्यांदाच पाठवणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे.

पायरी १ : का पाठवायचे, ते लिहून काढा

आईने आणि वडिलांनी वेगवेगळ्या कागदावर एकेका ओळीत कारण लिहावे आणि मग कागद शेजारी ठेवावेत. बऱ्याचदा दोन्ही कागदांवर वेगळीच कारणे निघतात, आणि मुलाला तिसरेच सांगितलेले असते.

काही कारणांसाठी शिबिर उपयोगी पडत नाही. ‘गणित कच्चे आहे’ हे त्यातले पहिले. सातवीतल्या मुलाला अपूर्णांक आणि भागाकार येत नसेल तर ती तूट तिसरी-चौथीपासून साठत आलेली असते. दहा दिवसांत, तीस मुलांच्या वर्गात, पुढचा भाग शिकवणाऱ्या शिक्षकाकडून ती भरून निघत नाही. उलट तिथे हुशार मुलांमध्ये बसून मूल आणखी खचते. त्याला घरी किंवा ओळखीच्या शिक्षकाकडे रोज एक तास, नेमक्या अडलेल्या जागेपासून, मे महिनाभर बसवले तर जास्त फायदा होतो. ‘मोबाइल सुटावा’ म्हणून पाठवणेही असेच. शिबिरात फोन काढून घेतात, तो दहा दिवस सुटतो आणि घरी आल्यावर अकराव्या दिवशी हातात परत येतो. ‘सुधारेल’, ‘शिस्त लागेल’ या कारणाने पाठवलेल्या मुलाला शिबिर ही शिक्षा वाटते आणि अभ्यासाचा विषयच त्याच्या मनातून उतरतो.

आई-वडील दोघे कामावर, उन्हाळ्यात घरी कोणी नाही, हे कारण अगदी रास्त आहे. पण मग गरज सांभाळण्याची आहे. सोलापुरातलेच दिवसाचे शिबिर किंवा आजोळ त्यासाठी पुरेसे आहे.

शिबिर खरे उपयोगी पडते ते वेगळ्याच मुलांना. वर्गात शिकवून झाल्यावर ‘पण असे का?’ म्हणून मागे लागणारी, पुस्तकातले संपवून दुसरे कोडे शोधणारी, आणि शाळेत-गल्लीत आपल्या आवडीचे बोलायला कोणी नसलेली मुले. त्यांना तिथे सर्वांत मोठी गोष्ट मिळते ती सोबत. एका अवघड गणितावर रात्री जेवताना वाद घालणारी आणखी दहा मुले असतात, हे कळणे त्या वयात फार मोलाचे आहे. चांगल्या निवासी शिबिराचा निम्मा अभ्यास वर्गाबाहेर होतो. तुमचे मूल असे असेल, तर पुढच्या पायऱ्यांवर कष्ट घेण्यात अर्थ आहे.

पायरी २ : मुलाला विचारा, आणि ‘हो’ कसे आले ते पाहा

‘जाशील ना?’ असे विचारले तर आज्ञाधारक मूल ‘हो’ म्हणते. त्याऐवजी पत्रक आणि वेळापत्रक त्याच्या हातात द्या आणि दोन दिवस विषय काढू नका. त्याने स्वतःहून काय विचारले, ते लक्षात ठेवा. ‘तिथे दुर्बीण असेल का?’, ‘प्रयोग आपण करायचे की ते दाखवणार?’ हे प्रश्न चांगले लक्षण आहेत. ‘तू रोज फोन करशील ना?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर थांबा. ‘माझी मैत्रीण जातेय म्हणून’ हे उत्तर वाईट नाही, पण दोघींना वेगळ्या खोल्या मिळाल्या तर चालेल का, हे आधीच विचारून घ्या. बहुतेक शिबिरांत ओळखीच्या मुलांना मुद्दाम वेगळे बसवतात.

पायरी ३ : दोन रात्रींची चाचणी

मार्चमधला एखादा शनिवार-रविवार किंवा जोडून आलेली सुट्टी धरा. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, कुठेही राहणाऱ्या आत्या-काकांकडे मुलाला आई-वडिलांशिवाय दोन रात्री ठेवा. आजोळ यासाठी चालत नाही, कारण तिथे लाड होतात आणि मागण्याआधी ताट पुढे येते. थोडे परके वाटेल असे घर हवे. फोन दिवसातून एकदाच, दहा मिनिटे.

तिथल्या मोठ्या माणसांना आधी सांगून ठेवा की मुलाला मदत न करता फक्त पाहायचे. हे पाहायचे:

- एका बादलीत अंघोळ, आतले कपडे स्वतः धुऊन वाळत घालणे आणि दुसऱ्या दिवशी स्वतः उचलणे.
- नावडती भाजीही थोडी तरी खाणे. फक्त भात-वरणावर राहणाऱ्या मुलाचे शिबिरात तिसऱ्या दिवसापासून पोट बिघडते.
- गजर लावून उठणे.
- लांब केस असतील तर स्वतःची वेणी घालता येणे. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण सकाळी ३० मुली एका ताईंपुढे वेणीसाठी उभ्या राहतात आणि ज्यांची राहते त्या रडवेल्या होऊन वर्गात बसतात. जमत नसेल तर केस जायच्या आधी कापून घ्या किंवा महिनाभर सराव करून घ्या.
- दुखले-खुपले तर परक्या मोठ्या माणसाला ‘मला बरं वाटत नाही’ असे सांगणे.

शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार. कपडे धुणे दहा दिवसांत शिकता येते. ताप अंगावर काढणारे, संडासला जायचे आहे हे सांगायला लाजणारे मूल मात्र शिबिरात खरेच आजारी पडते. तेवढे एक जमत नसेल तर या वर्षी थांबा, बाकी सगळे जमत असले तरी.

रात्री अंथरूण ओले होण्याची सवय दहा-अकराव्या वर्षीही काही मुलांना असते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. आयोजकांपैकी एका जबाबदार माणसाला एकट्याला सांगा आणि डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्या. न सांगता पाठवले तर खोलीतल्या मुलांपुढे जे होते ते मूल लवकर विसरत नाही.

पायरी ४ : वेळापत्रक मागा आणि पेन घेऊन वाचा

पत्रकावर चित्रे आणि घोषणा असतात. खरे शिबिर वेळापत्रकात दिसते. एका पूर्ण दिवसाचे, तासागणिक वेळापत्रक लेखी मागा. ‘तिथे आल्यावर मिळेल’ असे उत्तर आले तर पुढे जाऊ नका.

आधी झोप मोजा. ६ ते १२ वयाच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. रात्री १०:३० ला दिवे बंद आणि पहाटे ५ ला उठणे असेल तर झोप साडेसहा तासांची होते. बारा वर्षांच्या मुलाची रोज किमान अडीच तास झोप तुटली की चौथ्या दिवशी दहा तासांची तूट जमते. चिडचिड, रडू, डोकेदुखी इथूनच सुरू होते आणि आपण त्याला ‘घरची आठवण’ असे नाव देतो.

मग दुपार पाहा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. शिबिर जिल्ह्यातच असेल तर १२ ते ४ या वेळात मुले कुठे बसणार, छप्पर पत्र्याचे की स्लॅबचे, कूलर-पंखे किती, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, हे विचारा. मैदानी खेळ सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ५ नंतरच असावेत. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून टाकी किती लिटरची आणि टँकरची सोय काय, हा प्रश्नही साधाच पण आवश्यक आहे.

मग अभ्यास. वेळापत्रकातल्या ‘सत्र’ शब्दाखाली काय घडते, ते कळायला हवे. एका सत्राचा वर्कपेपर मागा. त्यावर पन्नास बहुपर्यायी प्रश्न असतील तर ते परीक्षेच्या तयारीचे शिबिर आहे, मग नाव काहीही असो. नवोदय, शिष्यवृत्ती, सैनिकी शाळा प्रवेश किंवा जेईई-नीट फाउंडेशनची शिबिरे अशीच असतात. ज्याला ती परीक्षा द्यायची आहे त्याने तिथे जावे. वर्कपेपरवर दोन-तीनच लांब प्रश्न, एखादी मोजणी, एखादा प्रयोग आणि ‘तुझ्या पद्धतीने करून दाखव’ असे असेल तर ते विषय उलगडण्याचे शिबिर आहे. जिज्ञासू मुलासाठी हे दुसरे हवे. पहिल्या प्रकारात त्याला पाठवले तर तीन दिवसांत ते कंटाळते आणि ‘मला गणित आवडत नाही’ म्हणत परत येते.

शिकवणार कोण, त्यांची नावे आणि विषय शुल्क भरण्याआधी कळले पाहिजेत. ‘अनुभवी तज्ज्ञ’ हे उत्तर नाही. एका वर्गात २०-२५ पेक्षा जास्त मुले असतील तर प्रयोग पुढची दोन बाके करतात आणि बाकीची बघतात.

पायरी ५ : भाषेचे काय?

सोलापूरच्या मुलांसाठी हा मुद्दा खास आहे आणि तो हमखास राहून जातो. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, शाळा मराठी किंवा सेमी इंग्रजी, आणि पुण्याच्या शिबिरात चर्चा पूर्ण इंग्रजीत, अशी तीन पायऱ्यांची चढण इथल्या अनेक मुलांना चढावी लागते. सेमी इंग्रजीतल्या मुलाला गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द येतात, पुस्तकही इंग्रजीत असते, पण समजावणे, शंका, थट्टा हे सगळे वर्गात मराठीतच होत असते. म्हणून वर्कपेपर समजतो, बोलणे मात्र अडते. उत्तर येत असूनही हात वर जात नाही. तिसऱ्या दिवशी शिक्षक त्याला ‘शांत मुलगा’ समजू लागतात.

आयोजकांना थेट विचारा: प्रश्न मराठीत विचारलेला चालेल का? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांना मराठी येते? गटात सगळीच मुले शहरी इंग्रजी माध्यमाची आहेत का? शक्य असेल तर शिकवणाऱ्या एका शिक्षकाशी मुलाचे पाच मिनिटे फोनवर बोलणे करून द्या. त्या पाच मिनिटांत मुलाची भीती तरी जाते किंवा तुम्हाला तरी खरे उत्तर मिळते. इंग्रजीतच होणारे पण बाकी सर्व बाजूंनी चांगले शिबिर असेल तर नाकारू नका. मुलाला ‘मी हे मराठीत सांगू का?’ हे वाक्य इंग्रजीत म्हणायला शिकवा. तेवढ्यानेही वाट मोकळी होते.

पायरी ६ : जागा आणि रात्र

जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पहिल्यांदा पाठवू नये. पुण्यात असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परतता येते. कार्यालयात चहा घेऊन परत येऊ नका, झोपायच्या खोल्या आणि स्वच्छतागृहे दाखवायला सांगा.

हिशेब करा. ४० मुले, ४ शौचालये, प्रत्येकी ८ मिनिटे धरली तर सगळ्यांना मिळून ८० मिनिटे लागतात. वेळापत्रकात सकाळचे आवरायला ४५ मिनिटे असतील तर निम्मी मुले रोज न जाता वर्गात बसणार. दोन दिवसांत पोटदुखीच्या तक्रारी येतात त्या इथून.

रात्रीच्या देखरेखीचे नेमके प्रश्न हे: प्रत्येक मजल्यावर रात्री कोण झोपते? मुलींच्या मजल्यावर स्त्री कर्मचारी रात्रभर असते का? मोठ्या आणि लहान मुलांच्या खोल्या वेगळ्या आहेत का? अमेरिकन कॅम्प असोसिएशनचा निवासी शिबिरांसाठीचा निकष ९ ते १४ वयोगटात ८ मुलांमागे १ मोठा माणूस असा आहे. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून वापरा. २५ मुलांमागे एक कॉलेजवयीन स्वयंसेवक असेल तर नको म्हणा.

सर्वांत जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर, रात्री २ वाजता गाडी कोणती आणि चालक कोण, हेही विचारा. आजार, ॲलर्जी, चालू औषधे यांची माहिती भरून घेणारा फॉर्म त्यांनी स्वतःहून दिला पाहिजे. दिला नाही, तर आजारी मुलाचे काय करायचे याचा विचारच तिथे झालेला नाही असे समजा. दमा, फिट, मधुमेह असेल तर औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या आणि ती कोणाच्या ताब्यात राहणार ते नावानिशी ठरवा.

जायच्या आधी मुलाशी अंगाला स्पर्श करण्याबद्दल स्पष्ट बोला. कोणीही, सर असोत की मोठा मुलगा, एकटे बोलावले, कपड्यांच्या आत हात लावला, ‘घरी सांगू नको’ म्हटले तर लगेच दुसऱ्या मोठ्या माणसाला आणि आम्हाला सांगायचे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या. फोनवर बोलताना शेजारी कोणी असेल तर वापरायचा एक साधा शब्दही ठरवा. तो शब्द ऐकला की कारण न विचारता निघायचे. दहा वर्षांवरील मुलींच्या बॅगेत, पाळी सुरू झालेली नसली तरी, पॅड ठेवा आणि ते कसे वापरायचे ते घरी दाखवा.

पायरी ७ : पैसे

शुल्काला शिकवण्याच्या तासांनी भागा. समजा १० दिवसांचे शुल्क २०,००० रुपये आहे. पहिला दिवस पोहोचण्यात, शेवटचा समारोपात जातो. उरलेले ८ दिवस रोज ५ तास म्हणजे ४० तास. राहण्या-जेवणाचे दिवसाला ६०० प्रमाणे ६,००० वजा केले तर १४,००० भागिले ४०, म्हणजे तासाला ३५० रुपये. हा आकडा हाताशी असला की दोन शिबिरांची तुलना नीट होते. खासगी क्लासच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. पत्रकातला आकडा तो धरून आहे का विचारा, कारण २०,००० वर तो ३,६०० होतो. सोडायला आणि आणायला जाण्याचे तुमचे भाडे आणि बुडालेली मजुरी किंवा रजा हीसुद्धा खर्चातच धरा.

पैसे संस्थेच्या खात्यावर भरा, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको. पावतीवर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. मूल मध्येच परतले तर किती रक्कम मिळेल, हे लेखी घ्या. वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण तिथेही कागदच लागतो. मागच्या वर्षीच्या दोन पालकांचे नंबर मागा आणि त्यांना एकच प्रश्न विचारा: कोणी मध्येच परत गेले होते का, आणि का?

पैसे ही अडचण असेल तर एक वाट नक्की पाहा. इस्रोचा ‘युविका’ हा नववीच्या मुलांसाठीचा निवासी कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. सुमारे दोन आठवडे, मे महिन्यात, इस्रोच्या केंद्रांवर. प्रवास आणि राहण्याचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन अशा गोष्टी धरतात आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांतील मुलांना जादा गुण असतात. माढा, मोहोळ, मंगळवेढ्याच्या मुलांनी हे सोडू नये. अर्जाची सूचना साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्रोच्या संकेतस्थळावर येते. उशिरा कळले तर मुदत संपलेली असते.

तारखा ठरवताना लक्षात घ्या: राज्य मंडळाच्या शाळांचे निकाल १ मेच्या सुमारास लागतात आणि शाळा जूनच्या मध्याला उघडतात. सुट्टी जेमतेम सहा आठवड्यांची. दहावीत जाणाऱ्या मुलांचे शाळेतले जादा तास त्यातच असतात. शिबिरानंतर किमान दोन आठवडे मोकळे राहतील अशी तारीख निवडा. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणून मेच्या शिबिराचा निर्णय मार्चच्या मध्यापर्यंत झालेला बरा.

पायरी ८ : पाठवताना, आणि तिथे गेल्यावर

‘नाही आवडलं तर लगेच न्यायला येतो’ हे वचन कधीही देऊ नका. प्रेमापोटीच ते दिले जाते, पण मुलाला त्यातून कळते की आई-बाबांनाही मी टिकेन असे वाटत नाही. मग पहिल्या संध्याकाळपासून ते त्या वचनाचीच वाट पाहते. त्याऐवजी सांगा, ‘पहिले दोन-तीन दिवस घर आठवेल, सगळ्यांनाच आठवतं. संध्याकाळी जास्त आठवेल. तेव्हा कोणाशी तरी बोल, खेळायला जा.’ जायच्या पंधरा दिवस आधीपासून मोबाइलचा वेळ कमी करत आणा, म्हणजे दोन आठवणी एकदम अंगावर येत नाहीत. बॅग मुलानेच भरावी. सुती कपडे, एक सोलापुरी चादर, स्वतःच्या नावाची खूण असलेली बाटली, ओआरएसची पाकिटे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बाहेरचे खाणे चालत असेल तरच द्या, आणि खोलीतल्या सगळ्यांना पुरेल इतकी द्या.

दुसऱ्या दिवशी रडत फोन आला तर ऐकून घ्या, पण लगेच निर्णय घेऊ नका. ‘आज काय केलं?’ असे विचारा, ‘जेवलास का, झोपलास का?’ असे दहा वेळा विचारू नका. मग वेगळा फोन करून शिक्षकांकडून दिवसभराचे ऐका. दिवसा खेळते, जेवते आणि फक्त फोनवर रडते ते मूल बहुधा चौथ्या दिवसापर्यंत स्थिरावते. मात्र दिवसभर जेवलेच नाही, सलग दोन रात्री झोप नाही, ताप उतरत नाही, किंवा एखाद्या ठरावीक माणसाचे नाव काढताच गप्प होते, यातले एकही असेल तर त्याच दिवशी निघा. पैशांचा विचार नंतर.

परत आल्यावर पहिले दोन दिवस त्याला झोपू द्या, प्रश्न विचारू नका. मग वही मागा. त्यातले एक न सुटलेले गणित किंवा अर्धवट राहिलेला प्रयोग निवडा आणि जूनभर आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्यावर मुलासोबत बसा. पुढच्या वर्षी पुन्हा जायचे का, हे मे महिन्यात विचारू नका, कारण तेव्हा उत्तर थकव्यातून किंवा उत्साहातून येते. दिवाळीच्या सुट्टीत विचारा. तोवर तिथल्या एखाद्या मित्राशी बोलणे चालू असेल, किंवा ती वही पुन्हा उघडली गेली असेल, तर फेब्रुवारीत पुढच्या इयत्तेचे पत्रक मागवा.